उणे बारा टक्के

टक्केसाहेबांनी एकविसाव्या निकषावर पेन्सिलीनं काट मारली आणि मान वर न करता विचारलं, "तपासणीच्या खोलीचा पडदा पूर्ण लागतो की नाही, हे मोजायचं कोणी? शिंप्यानं?"

लांबलचक टेबलाभोवती हशा पिकला. संचालिका मॅडमही हसल्या, म्हणजे हसायला हरकत नव्हती. हशा ओसरला तेव्हा टेबलाच्या पार शेवटच्या टोकाला, जिथे पाण्याची बाटलीसुद्धा पोचली नव्हती, तिथून एक हात वर झाला.

"तो मी लिहून पाठवला होता," बस स्टँडमागच्या केंद्राच्या सिस्टर म्हणाल्या.

"हां, हां. चांगलाच आहे तो. फक्त मोजायला जरा—"

"शिंपी नाही लागत, साहेब. बाहेरच्या बाकावर बसायचं आणि समोर बघायचं. निम्म्या केंद्रांत चार बोटांची फट असते. आत बाई आडवी असते."

कोणीतरी खोकलं. टक्केसाहेबांनी एकविसाव्या निकषाकडे पाहिलं. काट सरळ आणि सुबक आली होती. तिच्यावर आता रबर फिरवणं बरं दिसलं नसतं. ते बाविसाव्याकडे वळले.

शहरात अशी बत्तीस केंद्रं होती. जे प्रश्न माणसं घरच्या डॉक्टरलाही विचारत नाहीत, पाळणा कसा लांबवायचा इथपासून ते नको तिथे खाज का सुटते इथपर्यंत, ते सगळे तिथे विचारायचे आणि फुकट उत्तर घ्यायचं. उत्तरं कितपत चांगली मिळतात हे मोजण्यासाठी समितीपुढे एक्केचाळीस निकष आले होते. त्यांतले पाच ठेवायचे होते. पाचच का, हे कोणी विचारलं नाही. आडव्या कागदावर पाचच रकाने मावत होते.

टक्केसाहेब हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण पगारपत्रक सोडलं तर पाळण्यातलं नाव आता कुठेच वापरात नव्हतं. आरोग्य खात्याच्या मोजमाप विभागात त्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती. घरी मुलाला ताप आला तरी ते "कालच्या मानानं किती?" असं विचारत. माणूस मात्र वाईट नव्हता. विनोद करायचा, लोकांना चहा पाजायचा आणि कागदावर दोन चांगली वाक्यं लिहिता येतात म्हणून खात्यात भाव खाऊन होता.

खुर्च्यांची संख्या हा निकष राहिला. रांगेतली मिनिटं राहिली. 'रुग्णाच्या चेहऱ्यावरील समाधान' हा मॅडमचा स्वतःचा निकष असल्यानं टक्केसाहेबांनी तो फार आदरानं काढून टाकला. तक्रारींची संख्या ठेवावी की नाही यावर थोडी चर्चा झाली, तेव्हा पहिल्या नंबरच्या केंद्राचे डॉक्टर पुढे सरकले. तरुण गृहस्थ, कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं त्याहून कडक इस्त्रीचं.

"आमच्या तक्रारपेटीत गेल्या वर्षभरात एकही चिठ्ठी नाही," ते म्हणाले.

"पेटी कुठे ठेवलीय?" सिस्टरनी विचारलं.

"माझ्या खोलीत. सुरक्षित राहते."

"आणि किल्ली?"

"माझ्याकडेच. का?"

"काही नाही. सहज."

तक्रारींची संख्या हा निकष एकमतानं कायम झाला.

'सातत्य' या निकषावर चर्चा करायचा प्रश्नच नव्हता. तो अकरा वर्षांपूर्वी खुद्द टक्केसाहेबांनी शोधून काढला होता आणि तेव्हापासून सगळ्या तक्त्यांचा राजा होता. हिशेब सोपा: केंद्रानं वर्षभरात जितक्या तांब्या, म्हणजे कॉपर-टी, बसवल्या, त्यांतून त्या वर्षी तिथे काढलेल्या सगळ्या वजा करायच्या, आणि उरलेल्यांचे टक्के. बाईनं तांबी ठेवली म्हणजे ती खूश, म्हणजे काम चांगलं. पहिल्या नंबरचं केंद्र शहाण्णव टक्क्यांवर होतं. तीनशे बसवल्या, फक्त बारा काढल्या.

आणि बत्तिसाव्या नंबरला बस स्टँडमागचं केंद्र होतं. पहिल्या तारखेपासून ते बंद करून पहिल्या नंबरच्या केंद्राला जोडायचं, असा ठराव टाईप होऊन तयार होता. सिस्टरना बोलावलं होतं ते त्यावर 'म्हणणं मांडायला'. फाशीआधी शेवटची इच्छा विचारतात, त्यातलाच प्रकार.

"सिस्टर," मॅडम म्हणाल्या, "तुमचं सातत्य उणे बारा टक्के आहे. माझ्या नोकरीत मी नापास केंद्रं पुष्कळ पाहिली. शून्याच्या खाली गेलेलं हे पहिलंच."

"मीही पहिलंच पाहिलं."

"हसण्यावारी नेऊ नका. दीडशे बसवल्या आणि एकशे अडुसष्ट काढल्या. बसवल्या त्यापेक्षा जास्त काढल्या कशा?"

"हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या, मॅडम. आकडा तुमच्याकडे येऊन चार महिने झाले."

टक्केसाहेबांचे कान तापले. तो आकडा त्यांच्याच टेबलावरून पुढे गेला होता. वजाबाकीचं चिन्ह त्यांनी पाहिलं होतं, ठळकही केलं होतं. ते आलं कुठून, हा प्रश्न मात्र त्यांच्या मनाला शिवला नव्हता. बेरीज तपासली होती. बेरीज बरोबर होती.

सिस्टरनी काखेतलं रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि ते हातोहात सरकत टक्केसाहेबांपर्यंत आलं. छापील रकान्यांच्या पुढे पट्टी लावून, निळ्या पेनानं आखलेले दोन जादा रकाने होते. 'बसवली कुठे' आणि 'आधी मागणी'.

"एकशे अडुसष्टांतल्या सदतीस माझ्याकडच्या. बाकी सगळ्या दुसरीकडे बसवलेल्या. तिथे काढून देत नाहीत, म्हणून माझ्याकडे येतात. आंधळं दळतंय, साहेब, आणि पीठ शहाण्णव टक्क्यांना मिळतंय."

"काढून देत नाही असं कसं?" पहिल्या नंबरचे डॉक्टर दुखावले. "आम्ही त्यांना समजावतो."

"किती वेळा समजावता?"

"समजेपर्यंत."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. रजिस्टर तपासून आठवड्याच्या आत अहवाल द्यावा, असं टक्केसाहेबांना सांगून त्यांनी बैठक संपवली.

ऑफिसात परतल्यावर टक्केसाहेबांनी रजिस्टर उघडलं. नावं कुठेच नव्हती, फक्त नंबर. 'आधी मागणी: ३ वेळा.' 'आधी मागणी: ५ वेळा, सात महिने.' 'नवऱ्याला घेऊन या म्हणाले. नवरा वारला आहे.' 'दोन वेळा. मग घरी स्वतः ओढून काढायचा प्रयत्न. रक्तस्राव. दवाखान्यात पाठवलं.' ही शेवटची नोंद त्यांनी दोनदा वाचली आणि पान उलटलं. मग परत मागे येऊन तिसऱ्यांदा वाचली.

त्यांना वाटलं, हे रचलेलं असणार. केंद्र वाचवण्यासाठी बाई रात्रभर बसून लिहिणारही. कोणत्या केंद्राच्या प्रमुखानं आजवर लिहिलं नव्हतं? आकडे कसे शिजतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. काही पाककृती त्यांच्याच होत्या. तेव्हा खरं-खोटं करायला त्यांनी खात्याची जुनी रीत वापरायची ठरवली. गिऱ्हाईक बनून फोन करायचा.

त्यांनी दार लोटून घेतलं आणि पहिला फोन पहिल्या नंबरला लावला.

"नमस्कार, बोला," एका मुलीचा प्रसन्न आवाज आला.

"माझ्या पत्नीची तांबी काढायची होती."

"अरे वा. नवरे सहसा फोन करत नाहीत. काय त्रास होतोय ताईंना?"

टक्केसाहेब अडखळले. फोनपुरती पत्नी त्यांनी तयार केली होती. तिचा त्रास तयार करायचा राहून गेला होता.

"पोटात दुखतं म्हणते. खाली."

"किती दिवस झाले?"

"चार महिने."

"अहो, चार महिने म्हणजे काहीच नाही, साहेब. शरीर नव्या पाहुण्याला लगेच आपलं म्हणत नाही."

टक्केसाहेबांच्या हातातली पेन्सिल थांबली.

"काय म्हणालात?"

"शरीर नव्या पाहुण्याला लगेच आपलं म्हणत नाही," मुलीनं त्याच चालीत पुन्हा म्हटलं. "आणि आज घाईत काढाल, तर उद्या सवडीनं पस्तावाल. ताईंना सांगा, दुखणं ही लागू पडल्याची खूण असते."

"आणि तरीही तिला काढायचीच असेल तर?"

"मग मंगळवारी या. डॉक्टर मंगळवारी काढतात."

"येत्या मंगळवारी?"

"येत्या मंगळवारी डॉक्टर नाहीत."

त्यांनी फोन ठेवला. आपला मुलगा परक्याच्या घरात, परक्याच्या कपड्यांत अचानक समोर यावा आणि त्यानं आपल्याला 'काका' म्हणावं, तसं त्यांना झालं होतं. वाक्यं त्यांची होती. सातत्याचा निकष लागू झाला त्या वर्षी केंद्रांच्या मदतीसाठी एक पत्रक निघालं होतं, 'धीराची सात वाक्यं'. ते त्यांनी एका बैठकीत लिहून काढलं होतं आणि त्याला प्रशस्तिपत्रही मिळालं होतं. खात्याचं पत्रक वर्षभरात मरतं, असा त्यांचा अनुभव होता. हे एक जगलं होतं.

त्यांनी आणखी आठ केंद्रांना फोन केले. एका ठिकाणी फोन कोणी उचलला नाही आणि एका ठिकाणी "आत्ताच या" म्हणाले. पाच ठिकाणी तोच नवा पाहुणा भेटला. एका म्हाताऱ्या आवाजानं तर वाक्य म्हणता म्हणता मध्येच थांबून "एक मिनिट हं" म्हटलं आणि कागद चाळल्याचा आवाज आला. शेवटच्या केंद्रात म्हणाले, काढायचं मशीन बंद आहे.

"काढायला मशीन लागतं?"

पलीकडून दबक्या आवाजात, "तसंच सांगायला सांगितलंय, साहेब."

रविवारी दुपारी बायको इस्त्री करत होती. टक्केसाहेब पलंगावर पाय वर घेऊन बसले. घडलेली गोष्ट पोटात राहीना. पण सरळ सांगायलाही जीभ वळेना. म्हणून त्यांनी तिची गंमत केली. गंमत करणं त्यांना नेहमीच सोपं जायचं.

"अगं, ऐक तर. मी फोनवर बायको काढली एक, आणि तिच्या पोटात दुखतं म्हणून सांगितलं. तर ती मुलगी मला काय म्हणते? म्हणते, आज घाईत काढाल—"

"तर उद्या सवडीनं पस्तावाल," बायको म्हणाली आणि तिनं शर्टाची कॉलर उलटी केली.

टक्केसाहेब हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "ते पत्रक मी तुला वाचून दाखवलं होतं का?"

"नाही."

"मग?"

"ऐकलंय. तीनदा. दोनदा तुमच्या त्या पहिल्या नंबरच्या केंद्रात, तेव्हा त्याला नंबर नव्हता. एकदा बाजाराजवळच्या."

"तुला कशाला जावं लागलं तिथं?"

बायकोनं इस्त्री उभी करून ठेवली. "धाकटा झाल्यावर बसवली होती ना. दुखायचं."

"मला बोलली नाहीस कधी."

"बोलले की. तुम्ही असेच बसला होतात, पाय वर घेऊन. म्हणालात, शरीर नव्या पाहुण्याला लगेच आपलं म्हणत नाही." तिनं कॉलर सरळ केली. "मग म्हणालात, थांब थांब, हे वाक्य चांगलं आहे. आणि विजेच्या बिलाच्या मागे लिहून घेतलंत."

टक्केसाहेबांचे पाय आपोआप खाली आले. त्यांना वाक्य आठवलं. बिल आठवलं, त्या महिन्यात ते नेहमीपेक्षा जास्त आलं होतं आणि त्यावरून त्यांनी वीज मंडळाला पत्र लिहिलं होतं, तेही आठवलं. बायकोचं दुखणं काही केल्या आठवेना.

सत्तावीस वर्षांची सवय कामाला लागली. कोणता महिना? "मार्चपासून सप्टेंबरपर्यंत." किती फेऱ्या? "तीन. सांगितल्या ना." शेवटी काढली कुठे? "बस स्टँडमागच्या सिस्टरांकडे." किती दिवसांनी दिली काढून?

"दिवस?" बायको म्हणाली. "पर्स बाजूला ठेवा, म्हणाल्या, आणि या आत."

इस्त्रीचा दिवा लागला, विझला.

"अजून काही?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग माझं एक ऐका. कुठे लिहिणार-बोलणार असाल तर माझं नाव यायचं नाही त्यात."

"नाही येणार."

तिनं पुढचा शर्ट घेतला. तो त्यांचाच होता, मंगळवारच्या बैठकीसाठी.

बैठकीत मॅडमनी बत्तीस केंद्रांची अंतिम यादी त्यांच्यापुढे सरकवली. खाली एक ओळ होती, 'आकडे तपासले, बरोबर आहेत', आणि तिच्यापुढे सहीची जागा. टक्केसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि यादी मॅडमकडे सरकवली.

"आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "निकष चूक आहे."

"कोणता?"

"माझा."

मॅडमना आधी तो विनोद वाटला. त्या हसायच्या तयारीत थांबल्या. टक्केसाहेबांनी त्यांना थांबू दिलं नाही. सिस्टरचं रजिस्टर खरं आहे, ते म्हणाले. काढलेल्या एकशे अडुसष्टांपैकी एकशे एकतीस तांब्या दुसऱ्या केंद्रांनी बसवलेल्या. त्या ज्यांच्या त्यांच्या नावावर घातल्या तर सिस्टरचं केंद्र पंच्याहत्तर टक्क्यांवर जातं. त्यांतल्या चौऱ्याहत्तर एकट्या पहिल्या नंबरच्या. ते केंद्र शहाण्णववरून एकाहत्तरवर येतं.

पहिल्या नंबरचे डॉक्टर उभे राहिले. "आम्ही एक अक्षर मनाचं बोलत नाही! खात्याच्या पत्रकात आहे तेच बोलतो. 'धीराची सात वाक्यं' आम्ही फ्रेम करून लावली आहेत भिंतीवर."

"त्यावर लेखकाचं नाव नाही," टक्केसाहेब म्हणाले. "मी लिहिलंय ते. निकष मी आणला, आणि तो खाली पडू नये म्हणून बाईला काय बोलून परत पाठवायचं, तेही मीच लिहून दिलं. बसा, डॉक्टर. तुमची मुलगी फोनवर माझ्यापेक्षा चांगलं म्हणते."

डॉक्टर बसले. इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनानं पेन थांबवलं. "हे घ्यायचं का, मॅडम?"

मॅडम टक्केसाहेबांकडे बघत होत्या. निवृत्तीला एक वर्ष राहिलेला माणूस स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो, हे त्यांनीही पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"घ्या," टक्केसाहेबच म्हणाले.

"पण या वाक्यांमुळे कुणाला त्रास झाला, याला काही पुरावा?" मॅडमनी सावरून विचारलं.

"एक प्रकरण मला माहीत आहे."

"नाव?"

"नाव सांगणार नाही."

"नावाशिवाय पुरावा कसा होईल?" डॉक्टरांना जरा धुगधुगी आली.

"माझ्याकडे एकशे एकतीस आहेत," टेबलाच्या टोकाहून सिस्टर म्हणाल्या. "नाव मीही सांगणार नाही."

मॅडमनी कपाळ चोळलं. मग अचानक त्यांचा चेहरा उजळला. "अहो, पण मग प्रश्नच मिटला! सिस्टर पंच्याहत्तरवर, म्हणजे चांगल्या नंबरात. केंद्र बंद करायचं कारणच उरलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला. लिहा, पंच्याहत्तर."

"पंच्याहत्तरसाठी ठेवणार असाल तर बंद करा," सिस्टर म्हणाल्या.

या वेळी टक्केसाहेबही दचकले.

"माझ्याकडच्या सदतीस जणींनी मागितली, मी त्याच दिवशी काढली. ती काही माझी नापास झालेली कामं नाहीत, मॅडम. पण तुमच्या कागदावर ती उणीवच दिसणार. पुढच्या वर्षी तुम्ही म्हणाल, सिस्टर, ऐंशी करा. त्याच्या पुढच्या वर्षी नव्वद. मीही माणूसच आहे. एक दिवस मीही एखादा मंगळवार ठरवीन."

खिडकीजवळ बसलेल्या एका गृहस्थांनी, जे दोन्ही बैठकांत बोलले नव्हते, फक्त मान हलवली.

अखेर 'सातत्य' काढलं गेलं. त्या जागी टक्केसाहेबांनी सुचवलं ते आलं: बाईनं काढून मागितल्यापासून काढून मिळेपर्यंत किती दिवस गेले, तेवढं लिहायचं. केंद्र बंद करायचा ठराव वर्षभर बाजूला ठेवला. सगळे कागद गोळा करू लागले, आणि मॅडम उठता उठता म्हणाल्या, "आणि काढण्याचं उद्दिष्ट काय ठेवायचं? महिन्याला किती?"

"आम्ही साठ काढून दाखवू," पहिल्या नंबरचे डॉक्टर लगेच म्हणाले.

सिस्टरनी डोळे मिटून घेतले.

"किती नाही," टक्केसाहेब म्हणाले. "आकडा नको."

"आकड्याशिवाय रकाना?" मॅडमनी विचारलं.

"हो."

टक्केसाहेबांच्या तोंडून हे ऐकून कारकुनानं ते लिहून घ्यायच्या आधी एकदा त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं.

जिन्यात त्यांनी सिस्टरना गाठलं. त्या रजिस्टर काखेत धरून, एक हात कठड्यावर ठेवून सावकाश उतरत होत्या.

"सिस्टर, एक विचारायचं होतं. अकरा वर्षांपूर्वी एक बाई तुमच्याकडे आल्या होत्या. तीनदा परत पाठवलेल्या. त्या—"

"साहेब, माझ्याकडे पुष्कळ बाया येतात. दाराबाहेर गेल्या की मी तोंडं विसरते."

"तुम्हाला माहीत आहे मी कोणाबद्दल—"

"मला काही माहीत नाही." सिस्टर दोन पायऱ्या उतरल्या. "आणि असतं, तरी नवऱ्याला तर मुळीच सांगितलं नसतं."

"मला फक्त एवढंच विचारायचं होतं, की तेव्हा तिला फार..." पुढचा शब्द त्यांना सापडेना. इतक्या वर्षांत शब्दांनी त्यांना असा दगा दिला नव्हता.

सिस्टरनी मागे वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. रजिस्टर दुसऱ्या काखेत घेत त्या म्हणाल्या, "हे तुम्ही भलत्या बाईला विचारताय."

चार वाजले होते. ऑफिस सुटायला दीड तास होता. टक्केसाहेबांनी टेबलावर एक अर्ज ठेवला, त्यात कारण लिहायच्या जागी 'घरगुती' असं लिहिलं, आणि बाहेर पडले. वाटेत त्यांना तीन-चार चांगली वाक्यं सुचली. प्रत्येक वाक्य त्यांनी कोपऱ्यापर्यंत नेलं आणि तिथेच सोडून दिलं.

बायको स्वयंपाकघरात होती. पातेल्यात पाणी उकळत होतं.

"आज लवकर? बरं नाही का?"

"बरा आहे." ते ओट्याजवळ उभे राहिले. पायांतल्या चपला काढायच्या राहिल्या होत्या. "तुला तेव्हा किती दुखायचं गं?"

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. ते आकडा विचारताहेत की काय, हे तिनं आधी नीट निरखून घेतलं. मग तिनं गॅस बंद केला, हात पुसले आणि टेबलाजवळच्या दोन खुर्च्या बाहेर ओढल्या.

"कुठून सांगू?" ती म्हणाली.